शेवटच्या दहा गोळ्या



मी निवृत्त लष्करी अधिकारी. गेली चार वर्षं नैराश्यासाठी रोज एक गोळी घेतो. एस्सिटालोप्राम, 10 मिलिग्रॅम.

आपल्या घरांत रक्तदाबाची गोळी जेवणाच्या टेबलावर असते आणि ही गोळी कपाटात, कपड्यांच्या मागे. लपवलेल्या वस्तूचा हिशेब राहत नाही. म्हणून ती नेमकी रविवारी रात्री संपते.

संपली तर काय होतं? या औषधाची शरीराला सवय झालेली असते. ते एकदम थांबलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, असं होऊ शकतं. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. फ्लुऑक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकतं, म्हणून त्यात कमी. शिवाय मूळ आजार उलटण्याची भीती असतेच.

फौजेत शेवटची पेटी उघडल्यावर मागणी पाठवत नाहीत. साठा ठरलेल्या पातळीला आला की इंडेंट जातो. माझी पातळी दहा गोळ्या. अकरावी घेतली की त्याच दिवशी मागणी. कुठल्याही दवाखान्यात किंवा दुकानात माल संपलेला असू शकतो; दहा दिवसांत दुसरीकडे शोधता येतो.

एक साधी वही ठेवा. त्यात पाच गोष्टी लिहा: घेतल्याची तारीख, किती गोळ्या, कुठून, एका गोळीची किंमत आणि डॉक्टरांची पुढची तारीख. किंमत पाकिटाची नको, गोळीची. कारण कुणाच्या पाकिटात दहा असतात, कुणाच्या पंधरा. जनऔषधी केंद्रात हेच औषध मूळ नावानं बहुधा बरंच स्वस्त मिळतं. ब्रँड बदलायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक लिहून घ्या. तुम्ही बडोद्याला असा, हैदराबादला असा की इंदूरला, ब्रँड बदलेल, मूळ नाव बदलत नाही.

गोळ्या हातात आल्यावर पाकिटाच्या मागचं वाचा. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळीही बाजारात मिळते, नावं मिळतीजुळती असतात. क्लोनाझेपामची सवय लागते. चिठ्ठीत नसेल तर ती परत करा.

एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून, किंवा पैसे वाचवायचे म्हणून, मनानं अर्धी करू नका. बंद करायची वेळ येते, पण ती डॉक्टर ठरवतात, हळूहळू कमी करत. खर्च झेपत नसेल तर तेही त्यांना स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय असू शकतो.

आणि घरातल्या एका माणसाला ही वही कुठे आहे ते माहीत असू द्या. कारण मन खचलेलं असतं त्या दिवसांत दुकानापर्यंत जाणंही डोंगराएवढं वाटतं. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी गोळ्या मोजाव्या लागतात. जवळ कुणीच नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. डबी कपाटातून बाहेर काढा, आणि गोळ्या मोजा.

जय हिंद.