लाभार्थींची यादी की नागरिकांची ग्रामसभा?

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



निवडणुका येतात आणि जातात. परंतु अलीकडे त्यांच्यामागून आलेला एक शब्द आपल्या गावांत कायमचा मुक्काम ठोकून बसला आहे. तो शब्द म्हणजे 'लाभार्थी'. कार्यकर्ता पाड्यावर पोचला की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, यादीत नाव आलं का?" आणि यादीत नाव घालून देणे हेच राजकारण, अशी समजूत सर्व पक्षांत रूढ होत चालली आहे. या समजुतीचा विचार आज केला पाहिजे.

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली येथे, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. २०२४ साली राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येऊ लागले. या पैशाची कोणी टिंगल करू नये. ज्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणून रुपया कधी आला नाही, तिला त्या रकमेचे मोल कळते. प्रश्न निराळा आहे. पात्र कोण, रक्कम किती, ती कधी वाढणार आणि कधी थांबणार, हे सारे दुसरीकडे ठरते. घेणाऱ्याच्या वाट्याला केवळ कृतज्ञता येते. आणि कृतज्ञतेची वसुली मतपेटीतून करता येते, हे सत्ताधाऱ्यांना, मग ते कोणत्याही रंगाचे असोत, पक्के ठाऊक असते.

याच भूमीचा इतिहास मात्र वेगळा धडा देतो. १९७१ मधील पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर शहादा-तळोद्याचा आदिवासी शेतमजूर उठला. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे त्याच्यातलेच नेतृत्व पुढे आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. कोणत्याही यादीत नाव नसलेली ही माणसे होती. तरीही राज्याला १९७४ साली जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा हिशेब मागता येऊ लागला. एकत्र बसून मागितलेल्या हक्काची ताकद ती हीच.

ही ताकद आज कायद्यात लिहिलेली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली. गावात झालेल्या खर्चाचा दाखलाही ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडूनच घ्यायचा आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले आणि पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागण्याची वाट खुली झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासूनच होते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींकडे थेट येऊ लागला. डॉ. लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना गावाचा खांब शोभेसाठी नको होता. त्यावर राज्याचा भार पडायला हवा होता.

यावर काही मित्र म्हणतात, "ग्रामसभा भरते कुठे? ग्रामसेवक वही फिरवतो, अंगठे घेतो आणि ठराव होतो." आक्षेप खोटा नाही. परंतु तो ग्रामसभा सोडून देण्याचे कारण कसा ठरेल? ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर खाण हवी की नको, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बारा ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही गावांनी नकार दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या छोट्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. ही गावे आपल्या गावांहून श्रीमंत किंवा अधिक शिकलेली नव्हती. त्यांना एकत्र बसण्याची सवय होती.

ती सवय लावणे हे आपले काम. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते, तेव्हा सातपुड्यातील कितीतरी कर्ती माणसे गुजरातच्या उसाच्या फडात असतात. मग होळीला माणूस घरी येतो, त्या दिवसांत जादा ग्रामसभेची मागणी का करू नये? ठरावाचे इतिवृत्त मराठीत असते. ते भिलीत, पावरीत, मावचीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नये, असा आग्रह का धरू नये? स्त्रियांची सभा आधी भरवावी आणि तिचे म्हणणे ग्रामसभेत नोंदवून घ्यावे. निधीचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लिहून लावावा. या गोष्टींना मोर्चाएवढी प्रसिद्धी मिळणार नाही. पण यांच्याविना मोर्चाने मिळवलेला हक्कही कागदावरच वाळून जातो.

यादीत नाव घालून द्यायला जरूर जा. उपाशी माणसाला तत्त्वज्ञान ऐकवणे हा समाजवाद नव्हे. परंतु ती यादी ग्रामसभेपुढे न्या, तिथे वाचा, तिथे तिच्यावर भांडण होऊ द्या. कोणाचे नाव गळले आणि का, हे गाव विचारू लागले की लाभार्थी नागरिक होऊ लागतो. येत्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकाने एका पाड्याची ग्रामसभा खऱ्या अर्थाने भरवून दाखवावी, एवढीच माझी मागणी आहे.