ओकायामातलं द्राक्षबागेचं घर

आषाढी जवळ आली की तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. त्या दिवसांत आमच्या वस्तीवर दिंडीतली पंधरा-वीस माणसं उतरतात. त्यांचं पिठलं-भाकरी, अंथरुण-पांघरुण बघण्यात माझं लहानपण गेलं. परक्या माणसाला घरात कसं घ्यायचं, ते मला ठाऊक होतं. परक्या घरात आपण कसं राहायचं, ते मात्र २०१२ साली जपानमध्ये शिकायला मिळालं. पुण्यात जपानी भाषा शिकत असताना जून-जुलैचे दोन महिने ओकायामा भागात एका द्राक्षबागायतदाराच्या घरी मी राहिले. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, ती बाग याच ओकायामात आहे.

घरात तिघं. साठी ओलांडलेले ओतोसान, म्हणजे वडील. ओकासान, म्हणजे आई. आणि ओबाआसान, म्हणजे आजी. मुलगा ओसाकाला नोकरीला.

पहिली अडचण जेवणाची. आम्ही माळकरी. भात, भाज्या, टोफू यांची पंचाईत नव्हती. पण मिसोच्या साध्या आमटीतसुद्धा सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क असतो. गळ्यातली माळ दाखवून मी जमेल तसं सांगितलं. ओकासान काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि सुके मशरूम भिजत पडलेले! पूर्वी तिथल्या बौद्ध मठांत असाच स्वयंपाक असे, असं आजींनी सांगितलं. दोन महिने त्या घरात आमटी दोन पातेल्यांत झाली. आमच्याकडे दिंडीत उपासकरी असला की आई वेगळी चूल मांडते, तसंच हे.

आंघोळीचा प्रकार न्यारा. अंग बाहेर साबण लावून स्वच्छ धुवायचं आणि मग कढत पाण्याच्या टबात नुसतं बसायचं. पाणी सगळ्यांना मिळून एकच, म्हणून त्यात साबणाचा थेंबही जाता कामा नये. पहिली पाळी पाहुण्याची. आठवडाभर तो मान माझा होता. मग एका संध्याकाळी ओतोसान बागेतून चिंब भिजून आले आणि ओकासान सहज म्हणाल्या, ‘आज तू नंतर जा.’ खरं सांगते, मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून कचऱ्याची पिशवी कोपऱ्यावर नेऊन ठेवायचं कामही माझ्याकडे आलं. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, याचा तक्ता फ्रिजवर लावलेला असे. वार चुकला तर पिशवी तिथंच राहते आणि सगळ्या आळीला दिसते.

भाषेची गंमत तर वेगळीच. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. जपानी माणूस म्हणतो ‘इत्तेकिमासु’, म्हणजे अक्षरशः ‘जाऊन येते’. घरातला माणूस उत्तर देतो ‘इत्तेराशाई’, म्हणजे ‘जाऊन ये’. पुण्यात वर्गात हा शब्द मी पाठ केला होता. अर्थ कळला तो त्या दारात.

पण माझा खरा जीव रमला बागेत. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. तिथं हिवाळ्यात वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. वेल डोक्यावरच्या आडव्या मांडवावर. एका घडावर तीस-पस्तीस मणी ठेवायचे, बाकीचे कात्रीनं काढायचे आणि मग प्रत्येक घडाला कागदी पिशवी. मान वर करून दिवसभर विरळणी केल्यावर आपल्या मजूर बायांची आठवण येई. आणि घड बुडवायला आणलेलं औषध बघते, तर आपलंच ‘जीए’! भाताची रोपं अवाजवी वाढवणाऱ्या रोगाचा शोध घेताना कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला १९२६ मध्ये या जिबरेलिनचा सुगावा लागला होता. बारामती-इंदापूरच्या बागांत ज्याच्यावाचून पान हलत नाही, ते मूळचं यांच्या भातखाचरातलं.

ओतोसान एकदा मांडवाखाली विचारते झाले, ‘तुमच्याकडं बाग पुढं कोण बघणार?’ मी म्हटलं, भाऊ. ते गप्प झाले. शेजारच्या दोन बागांत गवत माजलं होतं. मालक म्हातारे झाले आणि मुलं शहरात. जपानच्या २०२० च्या शेतीगणनेत शेतकऱ्याचं सरासरी वय ६७ च्या पुढं निघालं, तेव्हा मला ती गवताळ रानं आठवली.

याच गरजेपोटी जपाननं भारताशी २०१७ मध्ये प्रशिक्षणार्थी कामगारांचा आणि २०२१ मध्ये कुशल कामगारांचा करार केला. त्यात शेतीही आहे. आता आमच्याकडची पोरं माझ्याकडं चौकशीला येतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, मला जे घर मिळालं ते तुम्हाला मिळेलच असं नाही. मी शिकायला गेले होते, तुम्ही कामाला जाणार. राहण्याचं भाडं पगारातून किती कापणार, एजंटाला किती द्यायचे आणि कर्ज फिटायला किती महिने लागणार, ते कागदावर लिहून घ्या. आणि भाषा इथंच शिका. कुणी दोन पातेल्यांत आमटी करायला तयार असलं, तरी आपल्याला काय चालत नाही ते सांगता तर आलं पाहिजे.

आमच्या घरची बातमी अशी, की भाऊ आता पुण्यात कंपनीत आहे आणि बाग दादाच बघतात. ओकासानच्या शेवटच्या पत्रात होतं, की निम्मा मांडव उतरवला. उरलेला दोघांना झेपतो. दादांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, ‘तारा विकल्या का त्यांनी, का ठेवल्यात?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)