आधी खराटा, मग प्रश्न

अनोळखी माणसापुढे एखादा विचार मांडायचा, पण त्याला उपदेशाचे डोस पाजायचे नाहीत, हे कसं जमवावं? १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी ते गावोगावी करून दाखवलं.

बाबा गावात आले, की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत. कीर्तन त्यानंतर, रात्री. समोर बसलेली बहुतेक माणसं अनोळखी. बाबा त्यांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण करावा का? नवसासाठी मुकं जनावर का कापायचं? पोरांना शाळेत का धाडत नाही? उत्तर लोकांच्याच तोंडून येई. भाषा साधी वऱ्हाडी, दाखले रोजच्या जगण्यातले. वर, आपण कुणाचे गुरू नाही, हेही ते बजावून सांगत.

यातलं मर्म सोपं आहे. दुसऱ्यानं दिलेला सल्ला माणूस झटकून टाकतो. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर मात्र त्याला सहसा नाकारता येत नाही. आणि आधी हात राबलेले दिसले, की बोलण्याला वजन येतं.

तेव्हा एसटीत, रेल्वेत शेजाऱ्याशी गप्पा रंगल्या, तर आधी त्याचं ऐका. ‘तुम्ही असं करायला हवं’ म्हणण्याऐवजी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारा. आपलं मत ‘मला असं वाटतं’ एवढ्यावरच ठेवा. समोरचा खिडकीबाहेर पाहू लागला, तर विषय तिथेच सोडा. पटवून देण्याची घाई नको. विचाराला मुरायला वेळ द्या.