नर्सिंगचा प्रवेश : आधी पगार मोजा, मग कर्ज काढा

(नृसिंहवाडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की आपल्या शिरोळ तालुक्यात घरोघरी एक प्रश्न निघतो. पोरीला नर्सिंगला घालायचं, पण कुठे आणि किती पैसे लावून? एकीकडे मिरज, दुसरीकडे कोल्हापूर. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून हा मुलूख दवाखान्यांचा आहे आणि नर्सचं काम आपल्याला परकं नाही. परकी आहे ती या शिक्षणाच्या खर्चाची आणि कमाईची मांडामांड. माझं सांगणं एवढंच आहे की, कर्ज काढताना मुलीला हमखास मिळेल अशा पहिल्या पगाराकडे बघा. जाहिरातीतल्या मोठ्या पगाराकडे बघून सही करू नका.

आधी वाटा समजून घेऊ. एएनएम हा सहायक परिचारिकेचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम हा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. पहिल्या दोन्हींना कुठल्याही शाखेची बारावी चालते. बीएस्सीला विज्ञान शाखा लागते आणि सीईटी द्यावी लागते. या तिन्हींच्या शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, म्हणजे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते. गल्लोगल्ली सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग’ कोर्स चालतात. तिथे पांढरा गणवेश मिळतो, सर्टिफिकेट मिळतं. नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही तर सरकारी भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही. असा कोर्स तीस हजारांत मिळाला तरी तो महागच.

आता पगार. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात २५,५०० पासून सुरू होतं, सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, ३५,४०० पासून. हे आकडे ऐकून आईबाप हुरळून जातात. पण या जागांची जाहिरात कधी निघेल हे कुणाच्या हातात नसतं, आणि एकेका जागेला अर्ज किती येतात हे तुम्ही जाणता. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जागा कंत्राटी. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला महिना २० हजार आणि एएनएमला १८ हजार असं मानधन दिसतं. खासगी दवाखान्यात सुरुवात याहूनही खाली होऊ शकते. म्हणून मिरजेतल्या चार दवाखान्यांत स्वतः जाऊन विचारा : नव्या मुलीला हातात किती देता? त्यातला सगळ्यात कमी आकडा वहीत लिहा. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर करायचा.

समजा, जीएनएमला दरवर्षी एक लाख असं तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी काढलं. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून घरात निवांत असतात. व्याज मात्र चालूच असतं. चार वर्षांत ते साधारण ९० हजार होतं आणि मुद्दलात मिळतं. मग ३ लाख ९० हजारांवर सात वर्षांचा हप्ता बसतो जवळपास ६,५०० रुपये. तेच ही चारही वर्षं व्याज भरत गेलात, तर हप्ता पाच हजारांच्या आसपास राहतो. मुलीच्या हातात पंधरा हजार येणार असतील, तर साडेसहा हजार हप्ता, खोलीचं भाडं आणि मेस वजा जाता काय उरतं ते मांडून बघा. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त हप्ता जात असेल, तर ते कर्ज पेलवणारं नाही.

हप्ता आपण भरू, असं वडील म्हणतात. त्यांची माया खरी आहे. पण कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर आपण २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. ऊस पाण्याखाली जातो, पेढ्यांची दुकानं बंद राहतात, भाविक येत नाहीत. त्या वर्षी हप्ता कुठून भरणार? म्हणून कर्ज मुलीच्या पगारावर पेललं पाहिजे. आणि बँकेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, तेव्हा पतसंस्थेचं चढं व्याज किंवा आईचे दागिने हा पहिला मार्ग धरू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. चार वर्षांची पदवी महाग आणि डिप्लोमा स्वस्त, असं धरून चालू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना, कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. तुमच्या कॉलेजला, तुमच्या कोर्सला ती मिळते का, हे लेखी घ्या. विज्ञान शाखेच्या हुशार मुलीने सीईटी न देता थेट पैसे भरून डिप्लोमाला बसावं, यात घराचं नुकसान होऊ शकतं. पदवी जमली नाही म्हणून दारही बंद होत नाही. जीएनएम करून नोकरी करायची, कर्ज फेडायचं आणि मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करायची, ही वाट खुली आहे.

पैसे भरण्याआधी कॉलेजला चार गोष्टी विचारा. कौन्सिलची या वर्षाची मान्यता दाखवा. तुमचं स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं, आणि तिथे रोज रुग्ण किती असतात? हॉस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा, डिपॉझिट धरून तिन्ही वर्षांचा एकूण खर्च किती? बाँड आहे का, असेल तर किती वर्षांचा? मूळ कागदपत्रं कायमची ठेवून घेणार असतील, तर तिथून उठा.

शेवटचं बोलणं मुलींच्या आईवडिलांशी नाही, गावाशी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि ज्यांना आधार नव्हता अशा बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा या कामाला समाजात मान नव्हता. त्या शिक्षणातून बाई स्वतःच्या पायावर उभी राहावी, हा हेतू होता. आज ते शिक्षणच तिला कर्जात ढकलत असेल तर आपलं चुकतंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने सांगितलं की, ५० खाटांहून लहान दवाखान्यातही नर्सला २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा. तेव्हा दवाखाना चालवणाऱ्यांनी ती शिफारस पाळावी. आपल्या पतसंस्थांनी नर्सिंगच्या मुलींसाठी कमी व्याजाची योजना आणावी. त्यांच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव तुम्हीच मांडू शकता. येत्या सभेत तो मांडा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.