बाळसे आणि चरबी



वर्धापनदिनी आपण सुदृढ बालक स्पर्धा ठेवतो. ज्याचे गाल वर आलेले आणि मनगटाला वळी पडलेली, त्याचा पहिला नंबर, असा आपला आजवरचा हिशेब. मला आज त्या हिशेबाविषयीच बोलायचे आहे. तान्ह्या मुलाचे बाळसे चांगलेच. मूल चालू-पळू लागले की ते आपोआप झडते. परंतु पाच-सहा वर्षांनंतरही जे वाढतच राहते, ते बाळसे नव्हे.

"लठ्ठ मुले शहरातली, बंगल्यातली, देवगावात त्याचे काय?" असे पुष्कळजणी म्हणतात. त्यांनी पुण्याकडची हकिकत ऐकावी. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या आया आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, अंगाने किडकिडीत. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. विलायतेतली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मांस. चरबी फारशी कमी नव्हती! पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि विलायतेचे डॉ. यूडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीला धरून दोघांच्या वजनाचा आकडा एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

यातून आपण घ्यायचे ते इतकेच, की आपले मूल बारीक दिसले तरी चरबी धरून ठेवणारे असते. अशा अशक्त जन्मलेल्या मुलाला पुढे "अंग धरू दे" म्हणून भराभर चढवले, तर मधुमेहाची वाट सोपी होते. म्हणून गरोदर सुनेच्या ताटात डाळ, भाजी, दूध, अंडे आधी पडले पाहिजे. ती सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते, हा सुद्धा याच विषयाचा भाग आहे.

आता चढते कशाने? भाकरी-कालवणाने खचित नव्हे. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांनी, क्रीमच्या बिस्किटांनी, थंड पेयांच्या बाटल्यांनी. छोट्या बाटलीत सुद्धा पाच-सहा चमचे साखर असते. तेवढी आपण कोणाच्या चहात घालू का? राज्य सरकारने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत असले पदार्थ बंद करण्याचा आदेश काढला. २०२० साली केंद्राचा नियम झाला, की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत ते विकू नयेत. मूल एक्कावन्नावा मीटर चालून जाते, आणि नाणे सुटते आपल्याच पदराच्या गाठीतून. रडणाऱ्याच्या हातावर पाच रुपये ठेवणे हे शेंगदाणे भाजून देण्यापेक्षा सोपे झाले आहे, एवढेच.

दुसरा मोबाईल. तो दाखवून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. रात्री तोच पाहून झोप तुटते आणि कमी झोपेनेही वजन वाढते. आणि मुलींचे तर विशेष. दहा वर्षांची झाली की "आता उड्या मारू नकोस" म्हणून आपणच तिला ओट्यावर बसवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज निदान एक तास अंगमेहनतीचा खेळ हवा. त्यात मुलगे-मुली असा फरक केलेला नाही.

परिणाम मोठेपणीच होतात असेही नाही. मोठ्या माणसांचा मधुमेह आता शाळकरी वयातही आढळतो. रक्तदाब वाढतो, यकृतावर चरबी बसते, गुडघे दुखतात, मूल घोरते, मुलींची पाळी अनियमित होते. एक खूण मात्र मुद्दाम सांगते. मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला, तर आया मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो. बहुधा रक्तातल्या साखरेच्या कामात बिघाड सुरू झाल्याची ती खूण असते. डॉक्टरांना दाखवावे. लठ्ठपणाबरोबर उंचीही खुंटली असेल, तर अवश्यच.

कोणी मुलाला उपाशी ठेवू नये. वाढते वय आहे; उंची वाढत गेली आणि वजन तेवढ्यावर थांबले तरी पुष्कळदा काम होते. आणि "जाड्या", "ढोली" ही नावे आधी घरातल्यांनीच सोडावीत. अशा हाका ऐकणारे मूल खेळायला बाहेर पडेनासे होते.

स्पर्धेविषयी माझी सूचना अशी: यापुढे नंबर नजरेने काढू नये. अंगणवाडीताईंकडचा वजनकाटा आणि उंचीची पट्टी आणावी, उंचीला धरून वजन पाहावे, लसीची नोंद पाहावी, मूल घरचे काय खाते ते आईला विचारावे. बक्षीस म्हणून चॉकलेटचा डबा न देता चेंडू किंवा उड्या मारायची दोरी द्यावी. खर्च साधारण तेवढाच येईल. मी दुकानात भाव विचारून आले आहे.