कोरडा बर्फ आणि आपल्या सभागृहाच्या तुळया

(ज्येष्ठ सदस्यांच्या मासिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत आपल्या सभागृहाच्या काळवंडलेल्या तुळयांचा विषय निघाला. ही वास्तू आपण घेतली तेव्हा ते एक जुनं लाकडी चर्च होतं. आधीच्या शेगडीचा धूर आणि नंतर आपल्या समया, धूप, कापूर, अशी दोन्हींची काजळी त्या पाइनच्या लाकडावर बसली आहे. काही जणांनी सुचवलं की ‘ड्राय आइस’चं यंत्र भाड्याने आणू, आपणच साफ करू आणि वाचलेले पैसे वैद्यकीय मदत निधीला देऊ. भावना चांगली आहे. पण डॉक्टर म्हणून मला बोलायलाच हवं.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान उणे ७८ अंश सेल्सिअस, इथल्या मापाने उणे १०९ फॅरनहाइट. आम्हा डॉक्टरांना तो नवा नाही. शिकागोचे त्वचारोगतज्ज्ञ विल्यम प्यूसी यांनी १९०७ मध्ये त्वचेवरच्या जन्मखुणा घालवायला तो वापरला होता.

सफाईसाठी त्याचे तांदळाएवढे दाणे दाबाच्या हवेने लाकडावर मारतात. काजळीचा थर गारठून ठिसूळ होतो. दाणा आदळताच त्याचा वायू होऊन फुगतो आणि थर सुटतो. पाणी नसल्यामुळे लाकूड फुगत नाही, बुरशीला ओल मिळत नाही. वाळूचा मारा मात्र जुन्या इमारतींवर करू नये, असं अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस १९७९ पासून सांगत आली आहे, कारण तो मळाबरोबर लाकूडही खातो. ड्राय आइस त्या मानाने सौम्य आहे. पण दाब जास्त झाला तर पाइनचा मऊ भाग झिजतो आणि कडक रेषा वर येतात. तुळयांवर जुन्या सुतारांच्या वाकसाच्या खुणा आहेत. त्या एकदा गेल्या की गेल्या. म्हणून आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर करून पाहायचं, मग पुढे जायचं.

आता माझ्या विषयाकडे येतो. बर्फ उडून जातो, काजळी जात नाही. ती हवेत आणि जमिनीवर येते. १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून रंगाची तपासणी आधी.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, आणि त्याला वास नाही. आपलं तळघर कुठे आहे? बरोबर सभागृहाखाली, जिथे आपण दुपारी जेवायला बसतो. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत हा वायू सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. इथल्या कामगार नियमांत आठ तासांची सरासरी मर्यादा ५,००० भागांची आहे. बंद जागेत ती लवकर ओलांडली जाते. आधी डोकं दुखतं, धाप लागते, गुंगी येते, मग माणूस कोसळतो. आणि घरोघरी असलेल्या त्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. तो ऑक्सिजन मोजतो, हा वायू नाही. ज्यांना दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार आहे, त्यांच्याकडे तर चुकीला जागाच नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती अशी. हे काम जाणकारांकडूनच करून घ्यावं. वायुमापक आणि हवा बाहेर काढणारे पंखे असल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये. तेवढे दिवस तळघरासह सगळी वास्तू बंद ठेवावी. खर्च इमारत निधीतून व्हावा. मदत निधीतला एक डॉलरही तुळयांसाठी नको. तो पैसा कोणाच्या तरी औषधाचा आहे.

आणि तरुण मंडळींना एक मागणं. वास्तू बंद असेल त्या दिवसांत जे आजी-आजोबा इथे जेवायला येतात, त्यांच्या घरी डबा पोहोचवा. गाडी चालवू शकणाऱ्यांनी आज जाताना कार्यालयात नाव द्यावं. ज्येष्ठांनी यंत्राला हात लावू नये. डब्यासाठी पोळ्या मात्र जरूर लाटाव्यात.