अभिनयाची शाळा गावातच



मुलाला नट व्हावयाचे आहे असे कळताच पालक पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणवर्गांची चौकशी करू लागतात. शुल्क ऐकून काहीजण कर्जाचाही विचार करतात. अशांना शेजारच्या करमाळा तालुक्यातील केमच्या सोमनाथ अवघडेची हकिकत जरूर सांगावी. तो गावात हलगी वाजवीत असे. नागराज मंजुळे यांनी त्याला हेरले व 'फँड्री' (२०१३) या चित्रपटात प्रमुख भूमिका दिली. तीबद्दल त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्थात, प्रत्येकाला मंजुळे भेटत नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगावे.

मग आपल्या हाती काय आहे? तुळजापूरच्या गोंधळात संबळाच्या तालावर आख्यान लावणारा गोंधळी एकटाच अनेक पात्रे उभी करतो. आवाजाची फेक, पाठांतर, श्रोत्यांवरची नजर हे सारे तेथे विनामूल्य पाहावयास मिळते. नाथांच्या भारुडांत तर मुलांना स्वतः सोंगे वठविता येतात. शाळेने वर्षाकाठी एक नाटिका बसवावी व राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत न्यावी. नाटक या जिल्ह्याला परके नाही. २०१७ चे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन येथेच भरले होते.

चित्रीकरणाचे बोलावणे आलेच, तर बालकामगारविषयक नियम पाहावेत. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची असते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही. मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जातो. काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा कोणी गावात आला, तर पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवावे.